जुनाट डोकेदुखी : औषधांचा अतिवापर आणि दुष्परिणाम
अर्धशिशीच्या रुग्णास वेदनाशामक गोळी आधार वाटते. परंतु तिच्या अतिवापरातूनच डोकेदुखी जडू शकते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार (२०१८) मुळात डोकेदुखीचा विकार असलेल्या व्यक्तीचे डोके महिन्यातून १५ वा अधिक दिवस दुखत असेल आणि तीन महिन्यांहून अधिक काळ साधी वेदनाशामके महिन्याला १५ वा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान अथवा संयुक्त वेदनाशामके १० वा अधिक दिवस घेतली जात असतील, तर ती औषध-अतिवापरजन्य डोकेदुखी होय. गोळी थांबविल्यावर प्रारंभी दुखणे वाढते; म्हणूनच रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो.

प्रस्तुत लेखिकेस प्रतिबंधक म्हणून टोपिरामेट देण्यात आले. झटके घटले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. त्याचे काही वाटले नाही. पण अलंकार शिकविताना ‘उत्प्रेक्षा’ हा शब्दच आठवेना! नेमका शब्द न सुचणे हा या औषधाचा ज्ञात दुष्परिणाम असून तो बहुधा मात्रेशी निगडित असतो. विद्यार्थ्यांस मात्र ती अध्यापकाची अपुरी तयारी वाटते, आणि तसे न वाटावे असे त्यांना सांगणार तरी कसे? डॉक्टरांच्या सल्ल्याने आता मात्रा निम्मी केली आहे. महिन्याला एखाददुसरा झटका अधिक येतो. शब्द वेळेवर येतात.