सफरचंदाच्या व्हिनेगरने पोट कमी होते का?

सकाळी उपाशीपोटी झाकणभर ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, महिन्याभरात पोट आत जाईल, असे व्हिडिओ मोबाईलवर सतत येतात. ते पाहून आपल्या माता-भगिनी घरखर्चातून पैसे वाचवून बाटली आणतात. म्हणून या बाटलीत नेमके काय आहे, ते आपण समजून घेऊ.

फळाचा रस आंबवला की त्यातील साखरेचा आधी मद्यार्क होतो. मग जिवाणू त्याचे आम्ल करतात. या आम्लाला ॲसेटिक ॲसिड म्हणतात. व्हिनेगरमध्ये ते साधारण ५ टक्के असते, बाकी बहुतेक पाणीच. या आम्लामुळे जठरातील अन्न सावकाश पुढे सरकते आणि भात-चपाती खाल्ल्यावर रक्तातील साखर थोडी कमी चढते. एवढा गुण त्यात आहे.

मग चरबीचे काय? जपानमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५५ लठ्ठ माणसांना १२ आठवडे रोज पेय दिले. ज्यांच्या पेयात १५ मिली व्हिनेगर होते, त्यांचे वजन सुमारे सव्वा किलो उतरले. ३० मिली घेणाऱ्यांचे दोन किलोच्या आसपास उतरले. पोटातील चरबीही थोडी घटली. पण व्हिनेगर बंद करताच चार आठवड्यांत वजन परत वाढू लागले. शिवाय हा अभ्यास व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केला होता.

लेबनॉनमधील २०२४ च्या अभ्यासात १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरल्याचे म्हटले होते. त्याचा जगभर गाजावाजा झाला. पुढे त्याच्या आकडेवारीवर शंका आल्या आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. जुने व्हिडिओ मात्र कोणी मागे घेत नाही.

व्हिनेगर नुसते प्याल्यास दातांचे कवच झिजते, घसा पोळतो. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर शरीरातील पोटॅशियम घटू शकते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. आणि व्हिनेगरच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

त्यापेक्षा आपला चहा पाहू. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर एका माणसाच्या पोटात महिन्याला जवळपास किलोभर साखर जाते. ती निम्मी करायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. ते पैसे डाळ, पालेभाजी, मोडाच्या मटकीला लावू. रोज अर्धा तास भरभर चालू. तीस वर्षांवरील सर्वांची साखर व रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. बाटली आणण्याआधी घरातील मोठ्यांची ती तपासणी करून घेऊ.