समुद्रावरच्या लढाईची उशिरा येणारी दुखणी

तटरक्षक दलातून आणि नौदलातून निवृत्त होऊन वऱ्हाडात परतलेल्या माणसांचे कान, छाती आणि मन यांच्या तक्रारी आपण वयाच्या खाती टाकतो. त्या नोकरीच्या खाती का मांडायला हव्यात, याविषयी.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या रात्री खुकरीच्या सोबतीला ‘किरपाण’ होती. खुकरी, किरपाण आणि ‘कुठार’ या तिघी एकाच घडणीच्या बहिणी, १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बांधलेल्या, वाफेवर चालणाऱ्या. पुढे भारतीय तटरक्षक दल उभं राहिलं, तेव्हा नौदलाने त्याच्या हवाली केलेल्या दोन मोठ्या नौका म्हणजे हीच किरपाण आणि हीच कुठार. जोडीला पाच गस्ती नौका, एवढाच सुरुवातीचा ताफा होता. नव्या दलातले सुरुवातीचे अधिकारी आणि नाविकही बहुतेक नौदलातूनच आले. तटरक्षक दलाच्या पहिल्या पिढीच्या अंगावर १९७१ ची लढाई होती, ती अशी.

या दलाच्या जन्मात विदर्भाचाही वाटा आहे. समुद्रमार्गे चालणाऱ्या तस्करीला आवर घालण्यासाठी १९७४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. सीमा सुरक्षा दल उभारणारे हे पोलीस अधिकारी नागपूरजवळच्या कामठीत जन्मले आणि जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेतून पुढे आले. त्यांच्या समितीने वेगळ्या सागरी दलाची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ ला दल हंगामी स्वरूपात सुरू झालं आणि ऑगस्ट १९७८ मध्ये कायद्याने कायम झालं.

वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट या आपल्या संत्रापट्ट्यात फौज म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हिरवी वर्दी. पांढऱ्या वर्दीतला माणूस गावी परततो तेव्हा तोही सगळ्यांसाठी ‘मिलिटरीवाले काका’च होतो. तो बाग लावतो, आंबिया बहाराची काळजी करतो, बोअरचं पाणी किती खाली गेलं ते मोजतो. साठीनंतर त्याला ऐकू कमी येऊ लागतं, बांधावरून घरापर्यंत येताना दम लागतो, रात्री झोप मोडते. घरचे म्हणतात, वय झालं. डॉक्टर म्हणतात, बिडी सोडा. दोन्ही खरं असू शकतं. पण तुम्ही कोणत्या जहाजावर होता, जहाजाच्या कोणत्या भागात काम केलं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

कान आधी जातात

जहाजाची इंजिनरूम म्हणजे चहूबाजूंनी बंद पोलादी खोली. आवाजाला बाहेर जायला वाट नसते, तो भिंतींवर आपटून परत येतो. तिथे शंभर डेसिबलच्या वर आवाज ही रोजची गोष्ट. आठ तासांच्या कामाला साधारण ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. हा हिशेब मांडला तर शंभर डेसिबलमध्ये कानाला दिवसाकाठी जेमतेम पंधरा मिनिटं झेपतात. नौदलातला एक ‘वॉच’, म्हणजे पहाऱ्याची एक पाळी, चार तासांची असते. युद्धकाळात पाळ्या वाढतात आणि वर तोफांचे दणके असतात.

आतल्या कानात शंखासारखा वळणदार भाग असतो. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी आवाजाची मेंदूला कळेल अशी खूण करतात. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी मरतात त्या उंच पट्टीचे, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे माणूस ठार बहिरा होत नाही. त्याला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, च यांसारखे वर्ण निसटतात. नातवंडांचं बोलणं आणि बायकांचे आवाज आधी हरवतात. ‘यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ असं घरात म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच वेळी खोड त्या माणसाची नसते, केसपेशींची असते. काहींच्या कानात अखंड शिट्टी वाजत राहते. पुढे माणूस बैठकीत बसणं टाळतो, लग्नकार्यात कोपरा धरतो. ‘लॅन्सेट’च्या अभ्यासगटाने ऐकू न येणं हे म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं आहे, ते म्हणूनच महत्त्वाचं.

छातीत उरलेला धागा

खुकरी-किरपाणच्या काळातल्या वाफेच्या जहाजांत बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर उष्णता रोखण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण चढवलेलं असे. दुरुस्तीच्या वेळी ते सोललं जाई, लढाईत वा वादळात हादऱ्याने त्याची धूळ झडे. बंद खोलीत ती धूळ बॉयलर सांभाळणाऱ्या स्टोकरच्या आणि इंजिनरूममधल्या इतरांच्या नाकातोंडात जाई. त्याच खोलीत काम आणि जहाजावरच झोप, अशी नोकरी. त्यामुळे धुळीतून सुटका नव्हती.

अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे इतके बारीक असतात की ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात, आणि इतके चिवट की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षं त्यांच्याभोवती दाह होत राहतो, फुप्फुस आखडत जातं. त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर धूळ अंगावर घेतल्यानंतर साधारण वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. १९७१ मध्ये पंचविशीत असलेल्या नौसैनिकाला तो साठीत होऊ शकतो. तोवर जहाज भंगारात निघालेलं असतं, सोबतचे पांगलेले असतात. बिडी-सिगारेट आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैकपटींनी वाढतो. म्हणून ‘बिडी सोडा’ हा सल्ला बरोबरच आहे, पण तिथे तपास थांबवणं चूक आहे.

युद्धकाळात आणखी एक विष होतं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्याच पराक्रमासाठी आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो. त्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांमध्ये द्रवरूप इंधन आणि ते पेटवायला तीव्र नायट्रिक आम्ल असे. या आम्लाच्या वाफा श्वसनमार्ग जाळतात. कराचीच्या विजयामागे असं इंधन हाताळणारेही हात होते.

मोडलेली झोप

खुकरीवरचे ६७ जण वाचले. आपल्यासमोर सोबत्यांना बुडताना पाहिलेल्या माणसाच्या त्रासाला त्या काळी आजचं नाव मिळालं नसतं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आला तो १९८० साली. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, दचकणं, झोप मोडणं, चिडचिड, माणसांपासून तुटणं, दारूकडे वळणं ही त्याची लक्षणं. व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकी सैनिकांचा १९८० च्या दशकात मोठा अभ्यास झाला. त्यात दहातल्या तीन पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झाल्याचं दिसलं.

नोकरी, मुलांची शिक्षणं, घर बांधणं यांत मन गुंतलेलं असतं तोवर जुनी आठवण दबून राहते. निवृत्ती, बायकोचं जाणं, हातात आलेला रिकामा वेळ यांनी ती वर येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या रात्रीने आज झोप उडणं याला वेड म्हणू नये. तो उपचार असलेला आजार आहे.

पुरावा कुणी द्यायचा?

अमेरिकेत हा प्रश्न तटरक्षकांनीही लढवला. १९६५ पासून व्हिएतनामच्या किनाऱ्यावर अमेरिकी तटरक्षक दलाच्या नौका गस्त घालत होत्या आणि सुमारे आठ हजार तटरक्षकांनी त्या युद्धात सेवा केली. जंगलातल्या झाडांची पानं झडवण्यासाठी फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकामुळे होणाऱ्या आजारांबाबत १९९१ साली कायदा झाला. पण पाय जमिनीला न लागलेल्या, खोल समुद्रातल्या माणसांना त्याचा लाभ नाकारला गेला. तो मिळायला जून २०१९ चा कायदा यावा लागला. त्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या नौकांवरच्या सर्वांना सामावून घेतलं. या कायद्यांचं मर्म एका गृहीतकात आहे: ठरलेल्या काळात, ठरलेल्या ठिकाणी सेवा केली आणि यादीतला आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. आजारी माणसाने प्रयोगशाळा डोक्यावर घेऊन फिरायचं नाही.

आपल्याकडे या विचाराला सर्वोच्च न्यायालयाने बळ दिलं. धरमवीर सिंह खटल्यात २ जुलै २०१३ ला न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे झाला वा सेवेने बळावला असं मानावं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. मात्र हा निवाडा उपयोगी पडतो तो मुख्यतः सेवेत असताना मेडिकल बोर्डाने नोंदवलेल्या आजाराला. सेवा संपल्यावर उगवलेल्या आजाराला नियमांत जागा आहे, ती मोजक्या वर्षांची मुदत घालून. मेसोथेलिओमाला ती मुदत कळत नाही.

याबाबत आपल्याच देशात एक चांगला पायंडा आहे. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या खटल्यात २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतरचं असेल तोवर जपून ठेवावी. हे आजार उशिरा येतात, हे न्यायालयाने तीस वर्षांपूर्वी ओळखलं. कारखान्याला लावलेली ती कसोटी जहाजालाही लावली पाहिजे.

दोन वर्द्यांच्या मधली माणसं

तटरक्षक जवानाची अडचण आणखी वेगळी. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाच्या हाताखालचं सशस्त्र दल आहे आणि युद्धात ते नौदलाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं. पण ‘माजी सैनिक’ या सरकारी व्याख्येत येतात ते स्थलसेना, नौदल आणि हवाई दलातले. तटरक्षकाचं निवृत्तिवेतन केंद्राच्या नागरी सेवा नियमांनी ठरतं. सैनिकांच्या दाव्यांसाठी २००७ च्या कायद्याने नेमलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण त्याच्यासाठी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तटरक्षकाला दाद मागायची तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागतं. नौदलात लढून पुढे तटरक्षक दलात कायम झालेल्याची कागदपत्रं तर दोन दलांत विभागलेली. समुद्राने आणि धुळीने दोन वर्द्यांत फरक केला नाही. नियमांनीही तो करू नये.

आता काय करायचं

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घटनेने वऱ्हाडातल्या डॉक्टरांसमोर ‘फवारणी केली होती का?’ हा प्रश्न ठळकपणे आणला. तसाच साधा प्रश्न माजी नौसैनिक आणि तटरक्षकांना विचारायला हवा: कोणतं जहाज, कोणता विभाग, किती वर्षं? उत्तर केसपेपरवर लिहायला हवं. कानासाठी ऑडिओमेट्री, छातीसाठी श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन या नेहमीच्याच तपासण्या आहेत. मनाच्या तक्रारीसाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

कुटुंबीयांनी सर्व्हिस बुक, डिस्चार्जचे कागद आणि मेडिकल बोर्डाचे अहवाल एका फायलीत ठेवावेत. नौदलाच्या नाविकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या नाविक ब्युरोत असतात, तटरक्षक दलाच्या नोएडातल्या ब्युरो ऑफ नाविक्समध्ये. तिथून आपल्या सेवाकाळातल्या वैद्यकीय नोंदी लेखी अर्जाने मागाव्यात, उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात मागाव्यात. नौदलातून निवृत्त झालेल्यांनी अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. माणूस गेल्यानंतर त्याच्या पत्नीचा हक्कही याच कागदांवर उभा राहतो. म्हणून ही फाईल कुठे आहे, ते तिला माहीत असलं पाहिजे.

आणि सरकारकडे मागणी एकच: समुद्रावरच्या सेवेशी जोडलेल्या आजारांची यादी जाहीर करावी, त्यांना मुदतीची अट नसावी, आणि ती यादी नौदल व तटरक्षक दल दोघांना सारखी लागू असावी. १९७१ मध्ये लढलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी जे करायचं ते याच काही वर्षांत करावं लागेल.