रोपं मोजली, मातीचं काय?

पाऊस लागला की नाशकात रोपं लावायची धांदल उडते. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर 2015 पासून देशी झाडांची देवराई उभी राहते आहे. तसं काही आपणही करावं असं अनेकांना वाटतं. हौस चांगलीच आहे, पण तिच्याबरोबर काही समजुतीही पसरतात.

गैरसमज : जितक्या जातींची झाडं, तितके जास्त सूक्ष्मजीव.

वस्तुस्थिती : हिशेब इतका सरळ नाही. जीवाणूंच्या बाबतीत पहिला शब्द मातीच्या सामूचा, म्हणजे पीएचचा. नोहा फिअरर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी उत्तर व दक्षिण अमेरिकेतले मातीचे 98 नमुने तपासले. 2006 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की जीवाणूंची विविधता तापमानावरून नव्हे, तर सामूवरून सर्वांत नीट ओळखता येते.

मग झाडांचं काहीच चालत नाही? चालतं, पण जातींच्या संख्येइतकीच जात कोणती यालाही किंमत असते. पोलंडमध्ये 14 जातींची झाडं शेजारी शेजारी वाढवून पाहिली. ज्यांच्या पाचोळ्यात कॅल्शियम जास्त, त्यांच्याखालची आम्लता कमी झाली आणि गांडुळं वाढली. आपल्याकडचा ऐन आठवा. त्याच्या सालीत इतका चुना असतो, की सालीची राख पानाला चुन्याऐवजी लावत. बऱ्याच बुरशांचं जगणं तर झाडांशीच जोडलेलं असतं. श्रावणात झाडाखालचा ओला पाचोळा उचलून पाहा : वरची पानं अख्खी, खालच्यांच्या नुसत्या शिरा उरलेल्या आणि मधून पांढरे तंतू गेलेले. पान कुजवण्याचं काम तिथे चाललेलं असतं.

गैरसमज : त्र्यंबक-इगतपुरीकडे जंगल दाट, म्हणजे जीवाणूंचे प्रकारही तिथेच सर्वाधिक.

वस्तुस्थिती : असं गृहीत धरता येत नाही. धो धो पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातात आणि माती आम्लाकडे झुकते. त्याच अमेरिकी अभ्यासात जीवाणूंचे सर्वाधिक प्रकार उदासीन मातीत सापडले. ॲमेझॉनच्या आम्ल मातीत सर्वांत कमी. आम्ल मातीत बुरशा जास्त तग धरतात. सिन्नर-येवल्याची काळी माती उलट अल्कधर्मी बाजूची.

गैरसमज : भाताच्या रोपांसाठी राब भाजला की मातीतले सगळे जीव मेले.

वस्तुस्थिती : आच वरच्या थरात जास्त लागते. खालचे जीव वाचतात, काही जीवाणू बीजाणूंच्या रूपात तग धरतात, आणि राखेने सामू वर जातो. डोंगरावरचा वणवा मात्र पाचोळाच खाऊन टाकतो. राबाशी त्याची तुलनाच नको.

गैरसमज : जीवाणूंची बाटली ओतली की माती जिवंत.

वस्तुस्थिती : बाहेरून आलेल्या जीवाणूंना सामू, ओल आणि खाद्य मानवलं नाही, तर ते टिकत नाहीत.

तेव्हा रोपांची यादी करण्याआधी मृद चाचणी प्रयोगशाळेतून जागेचा सामू काढून घ्या, आणि झाडाखालचा पाचोळा झाडून पेटवू नका.