जाळे विणते, पण बाळांसाठी!

आपली मराठी भाषा मोठी मौजेची आहे. जाळे टाकून मासे धरणारा तो कोळी आणि जाळे विणून माशा धरणाराही कोळीच! पण या आठपायी कोळ्यांत एक कुल असे आहे की, त्यातील बहुतेक जाती शिकारीसाठी जाळे विणतच नाहीत. मादी जाळे विणते ते केवळ पिलांसाठी. या कुलाचे शास्त्रीय नाव ‘पिसॉरिडी’. फ्रेंच संशोधक यूजीन सिमोन यांनी १८९० मध्ये ते दिले. मी कला शाखेचा विद्यार्थी; पण या जीवाची कहाणी केवळ विज्ञान शाखेच्या स्वाधीन करावी, असे मला वाटत नाही.

हा कोळी दिसतो हुबेहूब लांडगा-कोळ्यासारखा. तोच तपकिरी रंग, तेच लांब पाय, तेच धावून भक्ष्य पकडणे. मग ओळखायचा कसा? प्रथम डोळे पाहावेत. दोघांनाही डोळे आठच. पण लांडगा-कोळ्याचे समोरचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात, तर याचे आठही डोळे साधारण सारख्या आकाराचे असतात.

दुसरी खूण आईपणाची. लांडगा-कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते आणि पुढे पिलांना पाठीवर घेते. पिसॉरिडीची मादी तीच पिशवी जबड्यात धरून छातीखाली सांभाळते. तोंडच असे अडकल्यावर शिकार कसली नि जेवण कसले! पिले बाहेर पडण्याची वेळ आली की ती झाडाच्या पानांभोवती रेशमी तंबू विणते, पिशवी त्यात ठेवते आणि पिले पांगेपर्यंत बाहेर पहारा देते.

युरोपातील ‘पिसॉरा मिराबिलिस’ या जातीचा नर तर अस्सल व्यवहारी! तो माशी पकडून रेशमात गुंडाळतो आणि मादीला आहेर म्हणून देतो. ती खाण्यात गुंतली की मीलन साधतो. काही महाभाग पुडक्यात नुसते बी किंवा खाऊन उरलेले टरफल बांधतात. मादी आहेर घेऊन पळू लागलीच, तर नर तो घट्ट धरून मेल्याचे सोंग घेतो!

दीर्घकाळ याच कुलात गणले गेलेले ‘डोलोमिडीस’ हे कोळी पाण्याकाठी बसतात. पुढचे पाय पाण्यावर टेकून तरंगांवरून भक्ष्याचा माग काढतात. प्रसंगी लहान मासाही धरतात. म्हणजे नावाप्रमाणे खरा कोळी हाच, तोही जाळ्याविना!

त्यांपैकी ‘डोलोमिडीस प्लांटॅरियस’ ही जात ब्रिटनमध्ये १९५६ साली एरिक डफी यांना रेडग्रेव्ह व लोफम येथील पाणथळीत प्रथम आढळली. पुढे माणसांसाठी भूजलाचा उपसा होत राहिला आणि ती पाणथळ सुकू लागली. हा कोळी उरल्यासुरल्या डबक्यांपुरता राहिला. अखेर १९९९ मध्ये उपसा बंद झाला. नंतर हाताने वाढविलेली पिले इतर पाणथळींतही सोडण्यात आली.

पिसॉरिडी कुलातील कोळी भारतातही आहेत. एखादी आई प्राणपणाने पिलांना जपू शकते. पण खालचे पाणीच आटले तर तिने करावे काय? तेव्हा मित्रहो, ओढ्याकाठच्या गवतात पानांभोवती रेशमी तंबू दिसला, तर काठीने मोडू नका. जवळच कुणीतरी पहाऱ्यावर बसलेले असेल.