डिव्हटची साक्ष

गोल्फ शिकणाऱ्याचा फटका बिघडला की आजूबाजूच्यांचं निदान ठरलेलं असतं: डोकं वर केलंस. पुढच्या फटक्याला तो हनुवटी छातीशी चिकटवून उभा राहतो आणि चेंडू पुन्हा सरपटत जातो. हे निदान सहसा कुणी तपासून पाहत नाही. ॲनिका सोरेन्स्टॅम आणि डेव्हिड ड्युव्हल या दोघांचंही डोकं क्लब चेंडूला लागण्याच्या आतच लक्ष्याकडे वळू लागायचं. सोरेन्स्टॅमने 10 मेजर स्पर्धा जिंकल्या, ड्युव्हलने 2001 ची ब्रिटिश ओपन. शिवाय क्लब वरून खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि चेंडूशी त्याचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात डोळ्यांनी पाहून हात सुधारणं शक्य नाही. नजर हटणं हे बहुतेक वेळा दुसऱ्याच बिघाडाचं लक्षण असतं, आणि त्या बिघाडाची साक्ष गवत देतं.

स्विंगमध्ये क्लबचं डोकं तिरक्या चापावरून फिरतं आणि त्या चापाला एक सर्वांत खालचा बिंदू असतो. गवतावरच्या चेंडूला आयर्नने मारताना हा बिंदू चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला यायला हवा. पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा सहा नंबरचा आयर्न चेंडूला लागतो तेव्हा सरासरी चार अंशांनी खाली उतरत असतो. म्हणून त्यांचा क्लब आधी चेंडूला लागतो, मग माती उचलतो, आणि डिव्हट, म्हणजे क्लबने गवतात उकरलेला खड्डा, चेंडूच्या जागेपुढे सुरू होतो. हा बिंदू मागे राहिला तर दोनच गोष्टी संभवतात. क्लब खोल गेला तर आधी जमिनीत रुततो आणि फटका फॅट होतो. वरून निसटला तर चढत्या वाटेवर चेंडूच्या पोटावर किंवा माथ्यावर आदळतो आणि फटका थिन किंवा टॉप होतो. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम 21 मिलिमीटर वर. दोन्ही चुकांमधलं अंतर इतकं कमी आहे. म्हणूनच एकच खेळाडू एका होलवर माती उकरतो आणि पुढच्या होलवर चेंडूचा माथा घासतो. त्याला हे दोन आजार वाटतात. तो फॅटवर उपाय म्हणून उंच उभा राहतो, थिनवर उपाय म्हणून खाली वाकतो, आणि एका औषधाने दुसरा आजार वाढवतो.

बिंदू मागे का राहतो? मुळाशी बहुधा चेंडू आपण उचलायचा ही समजूत असते. उजव्या हाताने खेळणारा त्यासाठी वजन उजव्या पायावर ठेवतो आणि मनगटं मोडून क्लब चेंडूखाली सारू पाहतो. काहींची कंबर खाली येतानाच चेंडूकडे सरकते आणि धड सरळ होतं. बाजूने पाहणाऱ्याला तेव्हा डोकं वर गेलेलं दिसतं. खरं तर चेंडू उडवायचं काम क्लबच्या तिरप्या तोंडाकडे, लॉफ्टकडे सोपवलेलं आहे. उपायही तिथूनच सुरू होतो. गवतावर चुन्याची रेघ मारावी, चेंडू न ठेवता अर्धा स्विंग करावा आणि डिव्हट रेघेवर किंवा तिच्या पुढेच सुरू होतो का ते पाहावं. मागे सुरू होत असेल तर क्लब खाली येऊ लागतानाच वजन डाव्या पायावर गेलं पाहिजे. हे जमल्यावर चेंडू ठेवावा, आणि वेग सर्वांत शेवटी वाढवावा.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की स्विंग ज्याचा त्याचा वेगळा, मग एकच नियम कसा? जिम फ्युरिकच्या स्विंगमध्ये वर मोठा वळसा असतो. तरी त्याने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर 58 ची फेरी खेळली. म्हणजे क्लब कोणत्या वाटेने आला यापेक्षा तो तळाला कुठे पोचला, हे निर्णायक. दुसरा आक्षेप ड्रायव्हरचा. तिथे चेंडू टीवर उंच असल्यामुळे तळ थोडा मागे राहिलेला चालतो, पण ही सूट टीची आहे, गवतावर ती मिळत नाही. तिसरा आक्षेप शँकचा, आणि तो रास्त आहे. चेंडू क्लबच्या मानेला लागतो तेव्हा प्रश्न पुढे-मागेचा नसून शरीरापासूनच्या अंतराचा असतो, आणि तो डिव्हटच्या सुरुवातीवरून कळत नाही. त्यासाठी क्लबच्या तोंडावर पावडर लावून ठसा पाहावा. मात्र कंबर चेंडूकडे सरकली की हातही बाहेर ढकलले जातात, त्यामुळे पुष्कळदा दोन्ही चुकांचा उगम एकच निघतो.

सरावाच्या जागेबद्दल सावध राहायला हवं. रेंजवरच्या चटईवर मागे पडलेला क्लब घसरत पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो, त्यामुळे चूक झाकली जाते. पावसाळ्यातल्या ओल्या मैदानावर तीच चूक क्लब जमिनीत अडकवते. तेव्हा चटईवरच्या यशावर विसंबू नका. फटका बिघडला की सल्ला विचारण्याआधी खाली पाहा, डिव्हट कुठे सुरू झाला ते बघा, आणि त्या एकाच गोष्टीवर काम करा.