आधी मोजा, मग बोला

आम्हा इंजिनिअर मंडळींना जपानमधलं किताक्यूशू ठाऊक असतं ते पोलादामुळे. पण विकसनशील देशांतले सरकारी अधिकारी तिथे स्त्री-पुरुष समानतेची धोरणं शिकायलाही गेले आहेत. १९९० साली स्थापन झालेल्या आशियाई महिला मंचाने 'जायका' या जपानी सरकारी संस्थेसाठी हे वर्ग चालवले.

जागाही नेमकी! तिथल्या तोबाता भागातल्या गृहिणींनी वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी तपासून धुराविरुद्ध आवाज उठवला. १९६५ साली 'निळं आकाश हवं' हा माहितीपटही काढला.

धोरणाचंही तसंच. योजनेचा लाभ किती बायकांना, निर्णयाला बसल्या किती, हे आधी मोजायचं.

मंडळी, आपणही मोजू या की! गणेशोत्सवात स्वयंपाकघरात बायका किती, कार्यकारिणीत किती?