पूर्णाकाठचा अभियंता

पर्यावरण अभियांत्रिकीची पहिली पायरी परभणीतच आहे. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे बी.टेक. करता येते, प्रवेश एमएचटी-सीईटीतून. मृद व जलसंधारण हा त्यातला कळीचा विषय, आणि दुष्काळ पाहिलेल्या मुलांना तो पुस्तकाबाहेरही ठाऊक असतो.

सांडपाणी, हवा किंवा घनकचऱ्याकडे वळायचे, तर स्थापत्य वा रसायन अभियांत्रिकीनंतर एम.टेक. करावे. त्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत 2021पासून पर्यावरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

संशोधनासाठी नागपूरची ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था: स्थापना 1958, आजचे नाव 1974पासून.

नोकरीच्या वाटा महापालिका, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचे पाणी शुद्ध होऊन नळाला येईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर असा अभियंता लागतो.